एक दिवसाची वाट



ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. संध्याकाळी घरोघरी रोझरी चालू आहे. आनंदाच्या पाचव्या रहस्यात बारा वर्षांचा येशू हरवतो आणि मंदिरात सापडतो. दहा मणी सरतात, आपण पुढे जातो. ह्याच महिन्यात, १० तारखेला, जागतिक मानसिक आरोग्य दिनही असतो. म्हणून ह्या रविवारी त्या रहस्यापाशी जरा थांबू या.

संत लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय घरी गेल्यावर जरूर काढून वाचावा. योसेफ आणि मरिया काही निष्काळजी आईबाप नव्हते. तरीही एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत मुलगा आपल्याबरोबर नाही हे त्यांना कळले नाही. असेल कुठेतरी नातेवाइकांत, असे धरून ते चालत राहिले.

आपणही असेच धरून चालतो. पोरगा आतल्या खोलीत आहे, दार लोटलेले आहे, म्हणजे तो घरीच आहे! पहाटेची विरार लोकल पकडलेला बाप रात्री आठ-साडेआठला परततो. आई कामावरून येते ती थेट ओट्यापाशी. मग ठरलेले प्रश्न: जेवलास का? क्लासला गेलास का? चाचणीत किती मिळाले?

आमच्या घरीही हे तीन प्रश्न कैक वर्षे चालले. दहावीच्या वर्षी आमची मुलगी अचानक गप्प झाली. दुपारी झोपू लागली, क्वायरच्या सरावाला जाईनाशी झाली. आम्ही त्याला आळस म्हटले, मोबाइलचे वेड म्हटले आणि मोबाइल काढून घेतला. ती रडली नाही, भांडली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली. पुढे तिच्या मावशीकडून कळले की वर्गातल्या मुलींनी तिला वाळीत टाकले होते. मोबाइलवर बोलणारी एकच मैत्रीण उरली होती. ती आम्ही तोडली होती.

मायला आणि जॉन कॅबट-झिन ह्या दांपत्याने १९९७ साली सजग पालकत्वावर पुस्तक लिहिले. २००९ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी त्याची अंगे मांडली: मुलाचे पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, लगेच निवाडा न करणे, त्याच्या आणि स्वतःच्याही भावना ओळखणे, राग आवरणे, करुणा बाळगणे. अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांमध्ये चिंता, उदासी, आक्रस्ताळेपणा कमी दिसतो असे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. अर्थात शांत मुलाशी शांत राहणे सोपेच असते, त्यामुळे कोणाचा परिणाम कोणावर हे ठामपणे सांगता येत नाही. पण आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि ह्या वयात झोपही उशिरा लागते, हे माहीत असले तरी आपला निम्मा संताप ओसरेल.

आता मरियेकडे पाहू. तीन दिवसांनी मुलगा सापडला तेव्हा तिने आधी विचारले, आणि आपण किती कासावीस झालो ते सांगितले. मिळालेले उत्तर त्या दोघांना समजले नाही. लूक हे झाकून ठेवत नाही. तरी तिने ते सगळे मनात जपून ठेवले. आपण मात्र न समजलेल्या गोष्टीचा तिथल्या तिथे निकाल लावतो. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना बापांना खास बजावले आहे की मुलांना इतके डिवचू नये की ती खचून जातील. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्रात म्हटले आहे की मूल कुठे बसले आहे ह्यापेक्षा ते मनाने कुठे आहे हे ओळखणे महत्त्वाचे.

ह्याचा अर्थ लाड नव्हेत. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत, हा नियम असावाच. पण तो पप्पांच्या मोबाइललाही लागू असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलांत एकाला मानसिक आजार असतो. म्हणजे आपल्या धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात कोणीतरी असणारच. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खाणे-झोपणे बिघडले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नको असे ते बोलले तर नाटक समजू नये, सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील, ही कुजबुज आता पुरे. मलेरिया झाला तर आपण नोव्हेना करतो आणि डॉक्टरकडेही जातोच ना?

मोबाइल परत दिला त्या रात्री आम्ही दोघांनी मुलीची क्षमा मागितली. ती काहीच बोलली नाही. आम्ही तिला समुपदेशक बाईंकडे नेऊ लागलो. चारेक आठवड्यांनी एका रविवारी मिस्साहून आल्यावर कोळंबी सोलता सोलता ती आपणहून बोलू लागली. शेगडीवर भात करपत होता. उठले मात्र कोणी नाही.