बोलावणे नसता सजलेले घर

मननासाठी शास्त्रभाग: मत्तय 22:1-14



आपल्या प्रभूने स्वर्गाच्या राज्याला ज्या अनेक उपमा दिल्या, त्यांत एक राजघरच्या लग्नाची आहे. एका राजाने आपल्या पुत्राचे लग्न मांडले, मेजवानी सिद्ध केली, आणि ज्यांना पूर्वीच आमंत्रण गेले होते त्यांना बोलावण्यास चाकर पाठवले. पण ते येईनात. कोणी आपल्या शेताकडे गेला, कोणी आपल्या व्यापाराकडे. हा दृष्टांत मी व्यासपीठावरून कितीदा तरी वाचला होता. परंतु त्याचा कठोरपणा माझ्या स्वतःच्या अंतःकरणास लागला तो 2011 साली आलेल्या एका पत्रामुळे. ते पत्र माझ्या वडील बहिणीचे होते.

आमची अक्का इंग्लंडात परिचारिकेचे काम करते. त्या वेळी ती यॉर्कशायर परगण्यातील डोंगरदऱ्यांच्या भागात एका खेड्यात राहत असे. तिच्या शेजारी एक वृद्ध पतिपत्नी होती. त्या घराची राजघराण्यावर फार प्रीती. राजपुत्राचा जन्म असो, राज्याभिषेक असो, लग्न असो, त्या घरी सण ठरलेलाच. 29 एप्रिल 2011 रोजी लंडन शहरी वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या पुरातन उपासनामंदिरात राजपुत्र विल्यम व कॅथरीन मिडलटन यांचा विवाह झाला. त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुटी होती. आजीबाईने आदल्या दिवशीच घर झाडून पुसून घेतले, दारावर कागदी निशाणांच्या माळा बांधल्या, कपाटातील ठेवणीच्या कपबश्या बाहेर काढल्या, केक भाजला, आणि लेकी, जावई, नातवंडे व शेजारीपाजारी यांना बोलावले. अक्काही पांढरे लुगडे नेसून गेली.

तिला एक गोष्ट पाहून नवल वाटले. खुर्च्या दिवाणखान्यात मांडलेल्या नव्हत्या. त्या निजावयाच्या खोलीत मांडल्या होत्या. आजीबाईचा नवरा पक्षाघाताने दोन वर्षे अंथरुणास खिळून होता. म्हणून टेलिव्हिजन उचलून त्याच्या पलंगासमोर आणला होता, आणि पाहुणे पलंगाभोवती बसले होते. आजीबाईने नवी टोपी घातली होती. राष्ट्रगीत लागले तशी ती उठून उभी राहिली. नातवंडे हसली, पण तिने तिकडे लक्ष दिले नाही.

अक्काने थट्टेने विचारले, "आजी, तुम्हांला आमंत्रण आले होते का हो?" आजी म्हणाली, "नाही ग बाई. पण आनंद करावयास आमंत्रण कशाला लागते?" मग तिने आपल्या ह्या प्रीतीचे मूळ सांगितले. ते ऐकण्याजोगे आहे.

20 नोव्हेंबर 1947 रोजी त्याच मंदिरात राजकन्या एलिझाबेथ व फिलिप यांचे लग्न झाले. तेव्हा आजी सात वर्षांची होती. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, तरी त्या देशात साखर, लोणी, कापड ही सर्व रेशनवर मोजून मिळत. तिच्या आईने कित्येक आठवडे चहात साखर घातली नाही आणि ती साठवून त्या दिवशी एक लहानसा केक केला. शेजारच्या चार घरांची माणसे एका रेडिओभोवती गोळा झाली. लग्नात तेविसावे स्तोत्र गायले गेले, तेच, जे आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मूलही तोंडपाठ म्हणते. ते सुरू होताच आई रडू लागली. कारण मुलीचा बाप ब्रह्मदेशच्या लढाईत पडला होता, आणि त्याची कबर कोठे आहे हे कोणासही ठाऊक नव्हते. बंधूंनो, त्याच रणभूमीवर आपल्या मराठी मुलखातील शिपाईही पडले. ज्यांना कबर लाभली नाही अशा सुमारे 27,000 वीरांची नावे रंगूनजवळ तौक्यान येथील स्मारकावर कोरली आहेत, आणि त्यांत हिंदी शिपायांची नावे पुष्कळ आहेत.

आता पुढचे ऐका. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारापाशी फरशीत एक कबर आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या एका अनोळखी शिपायाचा देह 1920 साली तेथे पुरला. त्याचे नाव कोणास माहीत नाही. 1923 साली एलिझाबेथ राणीची आई नवरी होऊन त्या मंदिरात आली, तेव्हा 1915 मध्ये युद्धात पडलेल्या आपल्या भावाची आठवण होऊन तिने हातातील फुले त्या कबरेवर ठेवली. 1947 साली तिच्या कन्येचा पुष्पगुच्छही लग्नानंतर त्याच कबरेवर ठेवण्यात आला. हे वर्तमान कळले तेव्हा त्या विधवेने मुलीला जवळ घेऊन म्हटले, "ती फुले तुझ्या बाबांना मिळाली." त्या दिवसापासून ते घर राजघराण्याचे झाले. राजाचा थाट पाहून ती प्रीती जडली नव्हती. राजकन्येच्या हातची फुले आपल्या नाव नसलेल्या दुःखापर्यंत येऊन पोहोचली, म्हणून जडली होती.

प्रियहो, ह्या घरापासून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट: ज्यांना आमंत्रण नव्हते त्यांनी घर सजवले, ज्यांना आमंत्रण आहे ते आपण काय करतो? त्या लग्नाचे कोणतेही पत्र त्या खेड्यात आले नव्हते. त्यांच्यासाठी मंदिरात आसन नव्हते, राजवाड्यात ताट नव्हते. तरी त्यांनी झाडलोट केली, ठेवणीतले काढले, नवे वस्त्र घातले. उलट आपणांस राजांच्या राजाने नावाने हाक मारली आहे. त्याचा पुत्र केवळ फुले घेऊन कबरेपाशी आला नाही. तो स्वतः वधस्तंभावर मरून आपल्यासाठी कबरेत उतरला, आणि तिसऱ्या दिवशी उठून त्याने तिचे दार उघडले. त्याच्या मेजवानीचे बोलावणे दर रविवारी आपल्या दाराशी येते. आणि आपण? पेरणी आहे, बाजार आहे, पाहुणे आहेत, असे म्हणून शेताकडे वळतो. दृष्टांतातील शेत वाईट नव्हते, व्यापारही वाईट नव्हता. राजाच्या बोलावण्याहून ती मोठी मानली गेली, हा अपराध.

दुसरी गोष्ट: राजकन्येची शपथ आणि झोपडीतील बाईची शपथ एकच आहे. 1947 च्या त्या लग्नात यॉर्कचे मुख्य बिशप सिरिल गार्बेट यांनी वधूवरांस उपदेश केला. ते म्हणाले की, ह्या मंदिराचे वैभव कितीही असो, हा विधी मूलतः तोच आहे, जो आज दुपारी डोंगरदऱ्यांतील एखाद्या दूरच्या खेड्यात, लहानशा देवळात, एखाद्या झोपडीवासी गरिबाच्या लग्नात होईल. सुखात व दुःखात, संपत्तीत व गरिबीत, आरोग्यात व आजारात, मरणाने वियोग होईपर्यंत एकमेकांस न सोडण्याचे वचन तेथेही तेच आणि येथेही तेच. आपल्या गावच्या कौलारू मंदिरात, जेथे बाके पुरत नाहीत म्हणून आपण सतरंजीवर बसतो, तेथे दिलेले वचन देवापुढे वेस्टमिन्स्टरमधील वचनाहून तसूभरही हलके नाही.

अक्काने लिहिले की, 2011 च्या त्या दिवशी वधूवर शपथ घेऊ लागली, तेव्हा आजीबाईने चहाचा पेला खाली ठेवला आणि नवऱ्याचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला. तिचे ओठ हलत होते. नंतर तिने चमच्याने त्याला केक भरवला, तोंड पुसले आणि उशी सारखी केली. राजपुत्राचे लग्न कोट्यवधी लोकांनी पाहिले. ह्या लग्नाला साक्षी खोलीतली दहाबारा माणसे. पण शपथ घेतली जाणे लंडनमध्ये दिसले, आणि शपथ पाळली जाणे त्या पलंगापाशी दिसले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. थाटमाट लग्न टिकवीत नाही. 1981 साली राजपुत्र चार्ल्स व डायना यांचे लग्न सगळ्या जगाने डोळे भरून पाहिले. 1996 साली त्यांचा घटस्फोट झाला. हे मी कोणास दोष देण्यास सांगत नाही. राजवाड्यातील अश्रूही अश्रूच असतात. एवढेच सांगतो की, मांडवाची उंची पाहून घराचा पाया ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट लग्नाच्या वस्त्राविषयी आहे. 1947 साली राजकन्येलाही लग्नाच्या पोशाखासाठी रेशनची कुपने लागली. ही गोष्ट कळताच कित्येक गरीब बायांनी आपली स्वतःची कुपने तिला टपालाने पाठवली. केवढी ही प्रीती! परंतु ती सर्व परत करावी लागली, कारण आपले कुपन दुसऱ्यास देणे कायद्याने मना होते. प्रियहो, आपल्या दृष्टांतातही एक मनुष्य लग्नाच्या वस्त्रावाचून आत बसला होता, आणि राजाने विचारले तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. आईची भक्ती मुलास उसनी मिळत नाही. पाळकाची प्रार्थना मंडळीच्या पश्चात्तापाच्या जागी चालत नाही. ते वस्त्र ज्याचे त्याने राजाच्या हातूनच घेतले पाहिजे, आणि तो ते फुकट देतो.

आता मी माझा दोष कबूल करतो. ते पत्र मे महिन्यात माझ्या हाती आले, तेव्हा आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाचे लग्न तोंडावर होते. तीन रविवार मंडळीत जाहीर सूचना वाचून झाली होती. आणि मानपानावरून दोन्ही घरांत बोलणे बंद झाले होते. आमच्या थोरल्या चुलत्यांस साजेसा आहेर ठरला नाही म्हणून ते रुसून बसले होते. वाजंत्री कोणाची, जेवणावळ किती पानांची, ह्यांवर निरोपांमागून निरोप चालले होते. मुलीचे वडील कोरडवाहू शेतकरी. बाजा आणण्यासाठी जोडीतला एक बैल विकण्याचे त्यांनी ठरवले आहे, असे माझ्या कानी आले होते. मी पाळक. मी म्हणावयास पाहिजे होते, "हे थांबवा." पण मी गप्प राहिलो, कारण मान माझ्याही घराचा होता. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायावर उपदेश करणारा मी राजाच्या बोलावण्याकडे पाठ फिरवून आपल्या शेताकडेच निघालो होतो.

पत्र वाचून रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून एकटाच मुलीच्या गावी गेलो. तिचे वडील गोठ्यात होते. मी त्यांची क्षमा मागितली आणि म्हटले, "मामा, बैल विकू नका. आम्हांला मुलगी पाहिजे, बाजा नको." ते बराच वेळ काही बोलले नाहीत, बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, हे तुम्ही आधी का नाही बोललात?" ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते, आजही नाही.

लग्न झाले. बाजा नव्हता, मंडळीने तेविसावे स्तोत्र गायले. आमचे चुलते उशिरा आले, शेवटच्या ओळीत बसले, पण जेवून गेले. त्या वर्षी पेरणीला बैलांची जोडी पुरी होती.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही गावोगाव लग्ने जुळवता व लावण्यास साहाय्य करता. सूचना वाचण्यापूर्वी दोन्ही घरी जाऊन विचारीत जा की, ह्या लग्नासाठी कोणी कर्ज काढीत आहे काय? कोणाचे जनावर, कोणाचा तुकडा गहाण पडत आहे काय? आणि आम्ही पाळकांनी मौन धरले, तर आम्हांसही विचारा.

एलिझाबेथ राणी व फिलिप यांचा संसार 73 वर्षे टिकला. 2021 साली तो गेला, 2022 साली ती गेली. ज्या मंदिरात ती नवरी होऊन उभी राहिली होती, तेथेच 19 सप्टेंबर 2022 रोजी तिची अंत्यविधीची उपासना झाली. पृथ्वीवरील अतिदीर्घ व अतिवैभवी विवाहही मरणाच्या उंबरठ्यापर्यंतच जातो. पण प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात कोकऱ्याच्या ज्या लग्नाचे वर्तमान आहे, त्याचा वर पुन्हा मरणार नाही. त्या लग्नात आपण दुरून पाहणारे शेजारी नसू. मंडळी हीच नवरी आहे.

म्हणून प्रियहो, आज घरी जाल तेव्हा घर झाडा. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्याशी बोला. आजारी नवऱ्याची, वृद्ध सासूची उशी सारखी करा. दुसऱ्याच्या लग्नासाठी त्या आजीबाईने एवढी तयारी केली. आपल्या प्रभूसाठी आपण तितकी तरी करू या.

ज्याने आपणांस बोलावले तो विश्वासू आहे. तो आपणां सर्वांस आपल्या नीतिमत्त्वाचे वस्त्र देवो, आणि आपल्या मेजावर बसवो. आमेन.