श्रेयाचा धनी कोण?

एखादी वस्तु प्रथम कोणीं केली, असें आपण सहज विचारतों. परंतु 'केली' या क्रियापदाचा कर्ता एकच असला पाहिजे, हें आपण न विचारतांच गृहीत धरतों. या गृहीताची परीक्षा एखाद्या मोठ्या शोधावर करण्यापेक्षां स्वयंपाकघरांतील लहानशा जिनसावर करणें बरें, कारण तेथें विद्वत्तेचा धूर कमी असतो. म्हणून आम्ही चिमिचांगा हा पदार्थ घेतों.

मेक्सिकोचा सोनोरा प्रांत व त्याला लागून असलेलें अमेरिकेचें ॲरिझोना संस्थान हा त्याचा मुलूख. घरीं तो करण्याची रीत अशी: घेवड्याचे दाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवावे व चरबीवर परतून घोटावे. गोमांस लसूण, जिरें व सुक्या मिरचीच्या वाटणांत मंद आंचेवर तंतु सुटेपर्यंत शिजवून त्याचें पाणी आटवावें. सारण ओलें राहिलें तर तळतांना गुंडाळी फुटते. मग टॉर्टिया, म्हणजे मैद्याची रुंद पातळ पोळी, किंचित् गरम करून तींत सारण घालावें, दोन्ही बाजू आंत दुमडून घट्ट गुंडाळावें, आणि जोड खालीं ठेवून सुमारें 180 अंश तापलेल्या तेलांत सोनेरी तळावें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हें शिजणार नाहीं. पण येथें प्रश्न भक्ष्याभक्ष्याचा नसून श्रेयाचा आहे.

आतां याचा जनक कोण? टूसॉन शहरांत 1922 सालीं मोनिका फ्लिन या बाईंनीं 'एल चारो' हें उपाहारगृह काढलें. त्यांच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, त्यांच्या हातून एक बुरीटो, म्हणजे न तळलेली हीच गुंडाळी, कढत तेलांत पडला. ओठांवर शिवी आली, पण जवळ लहान मुलें होतीं, म्हणून ती अर्ध्यांतच वळवून त्यांनीं 'चिमिचांगा' असा निरर्थक शब्द उच्चारला. उलट फिनिक्स शहरांतील उपाहारगृहवाले वुडी जॉन्सन यांचा दावा असा कीं, 1946 सालीं आपणच प्रथम बुरीटो तळून पाहिला. सोनोरांत मात्र अशाच गुंडाळीला 'चिविचांगा' म्हणतात.

या दाव्यांचा निकाल आम्ही लावीत नाहीं. आम्हांला विशेष वाटतें तें हें कीं, वादांत उभे राहणारे दोघेहि पाटीचे धनी आहेत. उरलेली गुंडाळी तळून काढावी, ही युक्ति कोणत्याहि काटकसरी गृहिणीला सुचण्याजोगी आहे. पण तिच्या चुलीवर पाटी नसते, म्हणून तिचा दावाहि नसतो.

आणखी मागें गेलें तर कर्ता अधिकच विरतो. घेवडा व मिरची अमेरिका खंडाचींच. गहूं व गुरें मात्र तेथें स्पॅनिश लोकांबरोबर आलीं. पाद्री किनो 1687 सालीं त्या मुलखांत आला व त्यानें तेथल्या मूळ रहिवाशांत त्यांचा प्रसार केला. म्हणजे पोळी एकाची, सारण दुसऱ्याचें. त्यांतली मिरची तर पोर्तुगीज गलबतांतून येऊन आमच्या ठेच्यांत बसली आहे. तिच्यासाठीं आपण कोणाचे आभार मानतों?

येथें कोणी म्हणेल, सर्वांचें श्रेय म्हणजे कोणाचेंच नाहीं. मग तें पाटीवाल्याला दिलें तर काय बिघडलें? हा आक्षेप वजनदार आहे. पदार्थ लोकांपुढें मांडणें, त्याला नांव मिळवून देणें, हेंहि कर्तृत्वच होय. परंतु मांडण्याचें श्रेय निराळें व निर्माण केल्याचें निराळें. पहिलें एकट्याचें असूं शकतें. दुसऱ्यांत बहुधा इतरांचें ऋण असतें. तें फेडतां येत नसलें तरी कबूल करतां येतें, आणि कबुली टाळली म्हणजे अन्याय होतो.

हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. आमच्या एका पुस्तकाची शब्दसूचि एका विद्यार्थ्यानें महिनेच्या महिने खपून केली. मुखपृष्ठावर नांव आमचें आलें, आणि प्रस्तावनेंत त्याचे श्रम 'अनेकांचें साहाय्य झालें' एवढ्या शब्दांत बुडाले. 'अनेक' हा शब्द नम्र दिसतो. पण ज्याचें नांव ठाऊक आहे त्याला त्यांत लोटणें याला नम्रता म्हणतां येणार नाहीं. सोनोरांतील गृहिणीचें नांव काळानें पुसलें. या विद्यार्थ्याचें आम्हीं पुसलें. दुसरी आवृत्ति निघेल तेव्हां प्रस्तावना बदलूंच. पण त्याला पत्र आजच लिहावयास हवें.