कातडीवरच्या जिवांसाठी मागणं

देवा, वॉर्मरखालच्या या बाळाचा जीव वाचव, हे तर मी रोजच मागते. आज त्याच्या कातडीवर वस्तीला येणाऱ्यांसाठीही मागायचंय.

जागा तू त्यांना सुखाची दिली नाहीस. मोठ्या माणसाची त्वचा कोरडी, खारट आणि आम्लधर्मी, सामू 5 च्या आसपास. खायला मेलेल्या पेशींचा कोंडा आणि केसांच्या मुळाशी पाझरणारं तेल. घामातही तू डर्मसिडिन नावाचं जिवाणूंना मारणारं द्रव्य घालून ठेवलंस. वर ज्या थराला धरून राहावं, तोच झडतो. साधारण महिन्याभरात पायाखालची जमीन नवी. तरी ते टिकतात. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निसला हवा मानवत नाही, ते केसांच्या मुळाशी तेलात दडतं. मॅलसेझिया ही बुरशी तर स्वतःपुरती स्निग्धाम्लंही बनवू शकत नाही, आमच्यावरच पोसते. इतक्या परावलंबी जिवालाही तू जागा दिलीस, याचा मला धीर वाटतो.

आणि ते फुकट राहत नाहीत. तेल फोडून आम्लं करतात, त्वचेचा आंबटपणा राखतात, परक्यांना थारा देत नाहीत.

या बाळाकडे मात्र अजून काहीच नाही. दिवस भरायच्या आत आलंय. कातडीतून शिरा दिसतात, चिकटपट्टी जपून काढली तरी सालपट निघतं. जन्मतः त्वचा जवळजवळ उदासीन असते. आंबटपणा यायला दिवस लागतात, अशा बाळांना तर जास्तच. तोवर राखण कोणी करायची?

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस येईल, सगळ्यांच्या अंगावर येतो तसा. येऊ दे त्याला. फक्त शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनपासून लांब ठेव. बाहेर तो राखणदार. नळीच्या प्लास्टिकवर बसला की चिकट थर विणतो, त्याच्या आत औषधाचं फारसं चालत नाही, आणि मग रक्ताच्या कल्चरमध्ये त्याचंच नाव येतं. मला त्याला दोष देववत नाही. भोक आम्ही पाडलंय. पाडावंच लागलं, हेही तू जाणतोस.

क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर यांना मात्र दारातच अडव. ते बहुधा आमच्याच हातांवरून येतात. व्हिएन्नात सेमेलवाइसनं 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तरीही पहाटे चारला, तीन मॉनिटर एकदम वाजायला लागले की हँडरबच्या बाटलीकडे हात जायचा राहतो. तेवढ्या क्षणी माझा हात धर.

दुपारी या बाळाची आई विचारत होती, "सिस्टर, परत आंघोळ करून येऊ का? एसटीनं आलेय." तिला म्हटलं, हात नीट धुवा, स्वच्छ गाऊन घाला आणि घ्या छातीशी. बोगोटामध्ये 1978 च्या सुमाराला इनक्युबेटर पुरेनात, म्हणून सुरू झालेली ही रीत आज आमच्याही वॉर्डात आहे. उबेबरोबर तिच्या अंगावरचे जीवही बाळाला मिळतात. आमच्या वॉर्डातल्यांपेक्षा तिचे आधी पोचू देत, देवा.

दूध पचलं तर परवा लाइन काढू, असं डॉक्टर म्हणालेत. आता दर खेपेला 2 मिली वाढवायचंय. ते पोटात राहू दे.