ऐयाराचा चेहरा

पुस्तक अजून उघडू नका. मांडीवरच राहू द्या.

लोणंद स्टेशनच्या बाकावर बसला आहात असं समजा, जमलं तर खरोखरच बसा. मिरजेकडची गाडी यायला अवकाश आहे. गावात कांद्याचा बाजार भरला असेल, तर वाऱ्याबरोबर त्याचा उग्र वास येईल. येऊ द्या. फलटणकडे जाणारा फाटा इथूनच वेगळा होतो, तिकडे नजर गेली तर जाऊ द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका. घाई तेवढी सोडा.

मांडीवर देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आहे. तुम्ही ती आधी पाहिली, वाचली नाही. १९९४ साली नीरजा गुलेरींची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि रविवारची सकाळ तिची झाली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या सोप्यात आळीतली सगळी पोरं. ती सकाळ आता आठवा. शाहबाज खानचा वीरेंद्रसिंह, शिखा स्वरूपची चंद्रकांता, इरफान खानचा बद्रीनाथ. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह आणि त्याच्या त्या भुवया. एकेक चेहरा पुढे येईल. त्याला यायला वेळ द्या.

पुस्तक वाचताना मालिकेतले नट मनातून पुसून टाकावेत, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. ज्या चेहऱ्यांनी आपल्याला या गोष्टीची ओढ लावली, त्यांना दारातून परत का पाठवायचं? त्यांना शेजारी बसू द्या. पुस्तक आपली वाट आपण काढतं.

आता पहिलं पान उघडा. हिंदी सोपी आहे. ही कादंबरी वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी वाचायला शिकले, असं सांगतात, आणि चार पानांतच ते खरं वाटू लागतं. संध्याकाळ, निर्जन माळ, टेकडीच्या पायथ्याशी खडकावर बसून बोलणारे वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह. संथपणे वाचा. मालिकेतलं संगीत कानात वाजत असेल, ते हळूहळू मंद होईल. क्रूरसिंहाच्या तोंडचं ‘यक्कू’ शोधाल, पण ते इथे नाही. ती मालिकेची देणगी. त्याची रुखरुख लागली तर लागू द्या आणि पुढे चला.

पुढे भेटतात ते ऐयार. खत्री प्रस्तावनेतच सांगतात, की राजदरबारी असे लोक चाकरीला असत. वेष पालटणं, हेरगिरी, गाणं-बजावणं, औषधं, सगळं त्यांना येई आणि दोन राजांचं भांडण ते फौजेचं रक्त न सांडता मिटवून टाकत. खत्रींकडे चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका होता. तिथल्या पडक्या गढ्या, गुहा, दऱ्या त्यांनी पायी पाहिल्या आणि १८८८च्या सुमारास या कादंबरीत उतरवल्या. ऐयाराच्या बटव्यात बेशुद्ध करायची पूड असते आणि शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखाही. दोन्ही एकाच बटव्यात. इथे जरा थांबा. शत्रूला गाढ झोपवून उचलून न्यायचं, पण त्याला जागं करायचं औषधही जवळ बाळगायचं, हा धर्म ज्या हेराने पाळला त्याच्याविषयी मनात काय येतं, ते पाहा.

आता ज्यासाठी ही कादंबरी वाचायला सांगतो आहे, ते. पडद्यावर ऐयार वेष पालटतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला ते माहीत असतं. कॅमेऱ्याने आपल्याला कटात सामील करून घेतलेलं असतं, म्हणून फसणाऱ्या राजाकडे पाहून आपण हसतो. कागदावर चेहराच नसतो. लेखक लिहितो, एक साधू आला. आपल्याला साधूच दिसतो. राजा जितका फसतो तितकेच आपणही. कादंबरी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, तेव्हा एक रहस्य फोडायला हरकत नाही. तिच्यातले सिद्धनाथ बाबा म्हणजे तेजसिंहाचेच वडील जीतसिंह. हे कळल्यावर मागची पानं पुन्हा चाळा. बाबांचं प्रत्येक वाक्य आता एका बापाचं, एका मुरलेल्या ऐयाराचं ऐकू येईल. शब्द तेच आहेत. कादंबरीत भेटणाऱ्या वनकन्येचं रहस्य मात्र सांगत नाही, ते तुमचं तुम्ही गाठा.

पानात बोट ठेवून पुस्तक मिटा. फलाटावरच्या माणसांकडे पाहा. किती जणांना आपण फक्त वेषावरून ओळखतो? टोपीवरून शेतकरी, पिशवीवरून बाजारकरी, गणवेशावरून रेल्वेचा माणूस. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर याच गावी मुक्कामाला येते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. त्या गर्दीत प्रत्येकाच्या कपाळी गंध, प्रत्येकाच्या तोंडी प्रत्येकासाठी ‘माउली’. कोण कुठला, काय करतो, कुणी विचारत नाही. त्यात मिसळलेल्या एका ऐयाराची कल्पना करा. त्याला वेगळं सोंग घ्यावं लागणार नाही. फक्त चालावं लागेल.

पडद्याकडून पुस्तकाकडे जायची ही वाट फक्त आपली नाही. परदेशात लोकप्रिय हेरमालिकांवर बेतून कादंबऱ्या लिहून घ्यायची रीतच होती. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही अमेरिकी मालिका १९६४ ते १९६८ चालली आणि तिच्यावर अशा वीसहून अधिक कादंबऱ्या निघाल्या. मालिकेतल्या ‘थ्रश’ या शत्रुसंघटनेच्या नावाची फोड पडद्यावर कधी झालीच नाही. ती केली डेव्हिड मॅकडॅनियल या कादंबरीकाराने, आणि चाहत्यांनी ती खरी मानली. पडद्याने रिकामी सोडलेली जागा पुस्तकाने भरली.

आपल्याकडे अशी सर्वांत मोठी रिकामी जागा आहे शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची. सभासद बखरीत ते ओझरते येतात. १६६४च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खबर आणणारे, आणि १६७९मध्ये जालन्याहून परतताना मोगली फौजेने गाठलेल्या महाराजांना आडवाटांनी, रात्रंदिवस चालवत पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेणारे. महाराजांनी तिथे विसावा घेतला आणि तो किल्ला विश्रामगड झाला. बहिर्जी कसे दिसत, कसे बोलत, सुरतेच्या बाजारात कुणाच्या वेषात फिरले, भीती वाटली का? बखर गप्प आहे. मालिकांनी त्यांना नटांचे चेहरे दिले आणि आपण ते प्रेमाने स्वीकारले. पण माझ्या मते बहिर्जींना न्याय देऊ शकेल ती कादंबरीच. ज्याचं सगळं काम ओळखू न येण्यावर उभं होतं, त्याच्या मनात शिरायला शब्दच लागतात. म्हणून त्यांच्यावरची कुठलीही कादंबरी हाती घ्याल तेव्हा अशीच घ्या. पडद्यावरचा चेहरा शेजारी बसवून, सावकाश, आणि जिथे लेखक बखरीच्या पुढे जातो तिथे थांबून, हे इतिहासाचं की कल्पनेचं, असं स्वतःला विचारत.

आणि सवड काढून एकदा बाणूरगडला जा. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे. यालाच भूपाळगड म्हणतात. बहिर्जी नाईकांची म्हणून मानली जाणारी समाधी तिथेच आहे.