पाहुण्याला जखम दाखवावी का?

घरी पाहुणे यायचे म्हटले की आपली धावपळ सुरू होते. अंगण झाडले जाते, चांगल्या कपबश्या फळीवरून खाली येतात आणि टवका उडालेल्या मागे सरतात. भिंतीला पडलेली चीर एखाद्या कॅलेंडरखाली झाकली जाते. यात खोटेपणा नाही. पाहुण्याला आपल्या घरी बरे वाटावे, एवढीच आपली इच्छा असते. पण पाहुणा जर आपले घर समजून घेण्यासाठीच आला असेल तर? आणि भिंतीची ती चीर त्याच्याच पूर्वजांच्या हातून पडलेली असेल तर? ती झाकावी की दाखवावी?

हा प्रश्न काल्पनिक नाही. युरोपातील शाळकरी मुलांसमोर आणि त्यांच्या यजमानांसमोर तो दरवर्षी उभा राहतो.

फ्रान्स आणि जर्मनी हे एकमेकांचे शेजारी. १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत त्यांच्यात तीन मोठी युद्धे झाली. २२ जानेवारी १९६३ रोजी जनरल द गॉल आणि कोनराड आदेनाउर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. तो एलिझे करार म्हणून ओळखला जातो. नेत्यांच्या सह्यांनी लोकांची मने जुळत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय उघडले. त्याच्या उपक्रमांत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला आहे.

शाळांमधील देवाणघेवाणीची पद्धत साधी आहे. एका देशातील वर्ग साधारण आठवडाभर दुसऱ्या देशातील शाळेत जातो. मुले हॉटेलात उतरत नाहीत. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो आणि मुक्काम त्याच्याच घरी असतो. सकाळी त्याच्याबरोबर वर्गात बसायचे, दुपारी गाव पाहायचे, रात्री त्याच्या आईवडिलांबरोबर जेवायचे. काही महिन्यांनी यजमान मुले पाहुणी होऊन परतभेटीला जातात.

अशा आठवड्यात मुलांना काय दाखवावे? तिथले पदार्थ, गाणी, बाजार, सण ही सारी संस्कृतीच आहे आणि ती दाखवायला आनंद वाटतो. पण वारसा तेवढ्यावर संपत नाही.

फ्रान्समधील रँस आणि जर्मनीतील आखेन ही दोन शहरे १९६७ पासून जोडशहरे आहेत. दोन्ही ठिकाणी जुनी कथीड्रल आहेत आणि दोन्हींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे, आखेनला १९७८ मध्ये आणि रँसला १९९१ मध्ये. एकीकडे फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक होई, दुसरीकडे जर्मन राजांचा. आता आखेनहून रँसला आलेली चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिची मैत्रीण तिला कथीड्रलच्या दारातील हसरा देवदूत दाखवते. त्याचे हसू पाहून मुलगीही हसते. पण त्या देवदूताचे डोके १९१४ मध्ये तुटून पडले होते आणि १९२६ मध्ये परत बसवण्यात आले, हे तिला सांगायचे का? शेजारच्या वस्तुसंग्रहालयात पशूंच्या तोंडांची दगडी पन्हाळी ठेवली आहेत. त्यांच्या तोंडात शिसे गोठलेले आहे. छपरावरचे शिसे वितळून पावसाच्या पाण्यासारखे त्या तोंडांतून वाहिले होते. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्याने परांचीला आग लागली आणि सारे छप्पर जळाले, त्या दिवसाची ती खूण आहे.

काही जण म्हणतील, कशाला सांगायचे? शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या मुलीचा काय दोष? आनंदाने आलेल्या लेकराला खाली मान घालायला लावणे हे कसले आतिथ्य? या म्हणण्यात तथ्य आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न येतो आणि बापाच्या पापाचा दोष मुलाच्या माथी मारता येत नाही, हे तिथे स्पष्ट केले आहे. मग पणजोबांच्या पापाचा दोष पणतीवर कसा येईल?

तरीही एक गोष्ट आम्हांला विसरता येत नाही. ती मुलगी आपल्या गावाविषयी बोलताना 'आमचे कथीड्रल' म्हणते. त्याचा एकही दगड तिने रचलेला नाही. बाराशे वर्षांपूर्वी शार्लमेन बादशहाने ते बांधायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात आखेनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा तरुण मुलामुलींच्या एका अग्निशमन पथकाने ते वाचवले. त्या पथकाचा तिला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण पूर्वजांनी जे बांधले आणि वाचवले ते 'आमचे' असेल, तर त्यांनी जे मोडले ते एकदम परक्यांचे कसे होईल?

आपल्याकडे शेतजमिनीचे उदाहरण आहे. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर मुलाचे नाव चढते, तेव्हा सोसायटीच्या कर्जाचा बोजाही त्याच उताऱ्यावर असतो. मुलाने ते कर्ज काढलेले नसते. त्याला कोणी कर्जबुडवा म्हणू शकत नाही. पण जमीन माझी आणि बोजा कोणाचा ते ठाऊक नाही, असे त्याला म्हणता येत नाही. दोष आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष वारशाने येत नाही, देणे येते. आणि हे देणे पैशांत फेडायचे नसते. झाले ते ऐकून घेणे, ते नाकारू नये, आणि आपल्या हातून पुन्हा घडू नये म्हणून जागे राहणे, एवढेच ते देणे आहे. पण देणे आहे हेच कोणी सांगितले नाही, तर ते फेडायचे कसे? म्हणून आम्हांला वाटते, पाहुण्याला जखम दाखवावी.

मात्र कशी दाखवावी, यावर सारे अवलंबून आहे. त्याच १९ सप्टेंबरला कथीड्रलच्या आत पेंढ्यावर जखमी जर्मन सैनिक पडलेले होते. जर्मन सैन्य माघारी गेल्यावर ते फ्रेंचांच्या हाती सापडले होते. आपल्याच माणसांवर जर्मन तोफा डागणार नाहीत, या आशेने त्यांना तिथे ठेवून वर रेडक्रॉसचे निशाण लावले होते. आग भडकली, पेंढा पेटला, तेव्हा त्यांना बाहेर काढावे लागले. बाहेर संतापलेला जमाव उभा होता. ज्यांनी आमचे कथीड्रल जाळले त्यांना आगीतच मरू द्या, अशी लोकांची भावना होती. कथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू मॉरिस लांद्रिय आणि त्यांचे सहकारी जमाव आणि जखमी यांच्या मध्ये उभे राहिले. सगळे वाचले नाहीत, पण पुष्कळ वाचले.

याच फादर लांद्रिय यांनी पुढे, दिजाँचे बिशप झाल्यावर, १९१९ मध्ये कथीड्रलच्या विध्वंसावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी त्या कृत्याला जर्मन गुन्हा म्हटले आहे. म्हणजे ज्याने शत्रूचा जीव वाचवला त्यानेच शत्रूचा गुन्हा लिहून ठेवला. दया केली म्हणून सत्य सोडले नाही, आणि सत्य डोळ्यांसमोर जळत असतानाही दया सोडली नाही. पाहुण्या मुलीला पन्हाळी दाखवताना ही हकीकतही सांगितली, तर जखम दाखवली जाईल आणि तिच्यावर वार होणार नाही.

दुसरी अट यजमानासाठी आहे. त्याने आपली बाजू स्वच्छ धरून चालू नये. परतभेटीला ती फ्रेंच मैत्रीण आखेनला जाईल, तेव्हा तिलाही काही ऐकावे लागेल. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने आखेन जिंकले आणि पाठोपाठ कथीड्रलमधील प्राचीन खांब काढून पॅरिसला नेले. नेपोलियनच्या पराभवानंतर काही परत आले. काही आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. ज्या घरातून आपण दुखावून आलो, त्या घरातही आपण काही मोडून ठेवले आहे, हे कळले की बोलण्यातील धार आपोआप कमी होते.

तिसरी गोष्ट क्रमाची आहे. मुले आधी एकमेकांच्या घरी राहतात, एकाच ताटातली भाजी वाढून घेतात, झोपायच्या आधी हसतात. त्यानंतर पन्हाळी पाहणे वेगळे आणि बसमधून उतरून थेट पाहणे वेगळे. आणखी एक मर्यादाही मानली पाहिजे. ज्याची जखम ओली आहे, त्याच्यावर ती उघडी करण्याची सक्ती कोणी करू नये. केव्हा दाखवायची, हे ज्याला लागले त्याने ठरवावे. 'आता विसरून जा' असे म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो.

हे शक्य आहे का? रँसमध्येच याचे उत्तर आहे. ७ मे १९४५ रोजी पहाटे जर्मन सैन्याने शरणागतीवर सही केली ती याच शहरातील एका शाळेच्या इमारतीत. सतरा वर्षांनी, ८ जुलै १९६२ रोजी, द गॉल आणि आदेनाउर रँसच्या कथीड्रलमध्ये शेजारी शेजारी मिस्साला बसले. २०११ मध्ये कथीड्रलला आठशे वर्षे झाली, तेव्हा तिथे नव्या रंगीत काचांच्या सहा खिडक्या बसवल्या गेल्या. त्या इमी क्नोबेल या जर्मन चित्रकाराने केल्या आहेत. २०१५ मध्ये त्यांच्याच आणखी तीन खिडक्या आल्या. पन्हाळ्यांतील शिसे मात्र कोणी खरवडून काढलेले नाही. दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

आता थोडे आपल्याकडे पाहू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि आपल्या चर्चमधील घंटा मराठा सरदारांबरोबर गेल्या. मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही आहेत. आपल्यातील कितीतरी जण त्या पाहून हळहळतात. पण त्याआधी दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात इथली देवळे पाडली गेली, हे आपण मुलांना तितक्याच मोकळेपणाने सांगतो का? देवळे आपण पाडली नाहीत, घंटा नाशिकच्या आजच्या लोकांनी नेल्या नाहीत. दोष कोणाचाच नाही. पण उताऱ्यावर नाव दोघांचेही आहे.

परदेशी पाठवायला आपल्या शाळांकडे पैसे नसतात, हे खरे. पण नाशिकचे एखादे मूल मे महिन्यात आठवडाभर आपल्या घरी राहू शकते, आणि आपले मूल दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरी. त्याला समुद्र दाखवू, केळीच्या वाड्या दाखवू, पोटभर खाऊ घालू. आणि किल्ल्यात नेऊ तेव्हा काय सांगायचे, ते आधी आपसांत ठरवू. पहिल्या दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर तसेच राहू द्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी, जेवण झाल्यावर, ते बाजूला करायला हरकत नाही. त्यानंतर आपले मूल नाशिकला जाऊन ती घंटा पाहील, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राला तिच्याविषयी काय सांगायचे ते त्याला कळेल.