पेढे नंतर, आधी कागद

पेढे टेबलावर ठेव आणि बस. आठ लाखांचं पॅकेज मिळालं म्हणून कॉरिडॉरभर नाचत होतास, ते इथपर्यंत ऐकू आलं. आता सांग, महिन्याला हातात किती पडणार? नाही सांगता येत ना? चौदा पानांचं ऑफर लेटर, आणि तू वाचलंस एकच पान. आकडा ठळक छापलेलं.

आण ते इकडे. शेवटचा तक्ता बघ. फिक्स्ड ५ लाख ४० हजार. जॉइनिंग बोनस १ लाख, तोही दोन वर्षांच्या आत सोडलंस तर परत करायचा. व्हेरिएबल १ लाख, म्हणजे कंपनीच्या मर्जीवर. उरलेल्या ६० हजारांत कंपनीचा पीएफचा वाटा, विम्याचा हप्ता आणि ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळत नाही, आणि तू तर दोन वर्षांनी एमएस करायला जायच्या गोष्टी करतोस! तुझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात येणार बेचाळीस हजार. चार वर्षं अल्गोरिदम घोकलेस, आणि ही बेरीज-वजाबाकी करायला मी लागते?

बाणेरची ती छोटी कंपनी साडेपाच लाख देत होती, सगळे फिक्स्ड. त्यांच्या सीनियर इंजिनिअरने तुझ्या प्रोजेक्टचा कोड उघडून दीड तास विचारलं, ही क्वेरी लूपच्या आत का टाकलीस, हजार युझर आले तर काय होईल? घामाघूम होऊन बाहेर आलास आणि म्हणालास, "मॅडम, फार कीस काढतात." अरे, तो माणूस तुला शिकवत होता! नोकरी लागायच्या आधीच! असा माणूस शेजारच्या खुर्चीत मिळावा म्हणून पोरं तरसतात. आणि तू त्यांच्या मेलला साधं उत्तरही दिलं नाहीस. याची मला लाज वाटली.

मोठी कंपनी वाईट, असं मी म्हणत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी तिथे घडले. आणि छोट्या कंपन्यांना टाळंही लागतं. माझा राग तू काहीच विचारलं नाहीस यावर आहे. ट्रेनिंगनंतर प्रोजेक्ट देणार की बेंचवर बसवणार? तुझा कोड तपासणार कोण? जॉइनिंगची तारीख लेखी आहे का? २०२२ च्या बॅचची कित्येक मुलं ऑफर लेटर उशाशी घेऊन वर्षभराहून अधिक काळ त्या तारखेची वाट पाहत बसली होती. त्यातली काही याच खुर्चीत रडली आहेत.

आणि हा बाँड. दोन वर्षं, नाहीतर २ लाख. "असले बाँड कोर्टात टिकत नाहीत," हे कुणी सांगितलं, होस्टेलच्या सीनियरने? मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा ३ वर्षांचा, २ लाखांचाच बाँड उचलून धरलाय. तेराव्या पानावर तर मूळ मार्कशीट जमा करायच्या लिहिलंय. आईने भिशी उचलून तुझी फी भरली, त्या मार्कशीट गहाण टाकायला निघालास?

सही उद्या संध्याकाळपर्यंत करायची आहे ना? मग बाणेरला आत्ता फोन लाव, माझ्यासमोर. उशिराबद्दल माफी माग, जागा अजून आहे का विचार. आणि ते तेरावं पान काढ. वाच. मोठ्याने.