प्रसादाला ‘नको’ म्हणावे का?



लखनौच्या अलीगंज भागात हनुमंताचे जुने मंदिर आहे. ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवारी तिथे ‘बडा मंगल’ साजरा होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथला ज्येष्ठ आपल्या पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. परंपरा या मंदिराचा संबंध अवधच्या नवाब घराण्यातील बेगमेशी जोडते आणि मंदिराच्या शिखरावर आजही चंद्रकोर दिसते. मे-जूनच्या कडक उन्हात शहरभर रस्त्याच्या कडेला भंडारे लागतात. पुरी-भाजी, बुंदी, गूळ घातलेली गुडधनिया, थंड सरबत असे सारे काही येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दिले जाते. कोणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही.

आता विचार करा, त्या रांगेत मधुमेह असलेला एक भक्त उभा आहे. द्रोणात बुंदी पडते. तोंडाला पाणी सुटते. नको म्हटले तर प्रसादाचा अपमान होईल का? खाल्ले तर शरीराचे काय? असा भक्त विरळा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या सत्संगातही ही माणसे आपल्या शेजारीच बसलेली असतात.

पहिली गोष्ट समजून घेऊ या. गोडाची ओढ हे पाप नाही. जेवण चुकले, झोप अपुरी झाली, मन उदास असले की ही ओढ वाढते. म्हणून तिच्याशी नुसते भांडून भागत नाही, तिची कारणे दूर करावी लागतात. वेळेवर जेवावे. ताटात डाळ, उसळ, भाजी, ताक यांना जागा द्यावी. जेवणानंतर थोडे चालावे. ओढ आलीच तर पाणी प्यावे, दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्या कामात मन घालावे किंवा नामस्मरण करावे. बहुतेक वेळा ती लाट ओसरते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणे आणि अजिबात न खाणे, ही दोन्ही टोके टाळायला सांगितले आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, ती म्हणजे चोरून खाणे. घरचे रागावतील म्हणून स्वयंपाकघरात अंधारात पेढा तोंडात टाकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. हिशेबाच्या वहीत आम्ही आधी शिकतो ते हेच की, जो खर्च झाला तो लिहायचाच, मग तो आवडो वा न आवडो. शरीरही अशीच वही ठेवते. एचबीएवनसी ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडून ती फसत नाही. पेढा खाल्ला गेला तर घरात सांगावे, डॉक्टरांना सांगावे. संयमाची सुरुवात नकारापासून नव्हे, सत्यापासून होते. आणि ऐकणाऱ्याने रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा लपवेल.

मनाच्या पळवाटाही ओळखायला हव्यात. ‘गुळाने काही होत नाही’ ही त्यातली सर्वांत आवडती. गूळही उसाचाच आणि तोही रक्तातील साखर वाढवतो. सरबत तर चावावेही लागत नाही, त्यामुळे त्यातली साखर फार लवकर रक्तात उतरते. एका ग्लासात चार चमचे साखर असेल तर ती २० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते.

मग प्रसादाचे काय? भाव तेथे देव, असे आपणच म्हणतो. प्रसाद मापाने मोजायचा नसतो. बुंदीचा एक दाणा कपाळाला लावून जिभेवर ठेवला तरी प्रसाद पूर्ण मिळाला. उरलेला द्रोण शेजारच्या लहान मुलाच्या हाती दिला तर त्यात अपमान कसला, ते तर वाटून खाणेच झाले. एका दाण्यावर थांबणे जमत नसेल, तर नुसते हात जोडावेत. तेही पुरेसे आहे.

पण सारा भार आजारी माणसावर टाकणे न्याय्य आहे का? ‘एकाने काही होत नाही’, ‘देवाचं आहे, नाही म्हणू नये’ हे आग्रह आपणच करतो. आपल्या आग्रहात पुष्कळदा समोरच्यापेक्षा आपलेच समाधान जास्त असते. जो रोज स्वतःशी झगडतो आहे, त्याचा निश्चय आपण हसत हसत मोडतो. भंडाऱ्यात, हळदीकुंकवात, गणपतीत गोडाशेजारी भाजलेले चणे, फुटाणे, बिनसाखरेचे ताक ठेवायला किती खर्च येतो? वाढणाऱ्याने ‘किती देऊ?’ असे विचारले, तर ती सेवाच आहे.

एक सावधानता मात्र विसरू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, चक्कर आली आणि साखर ७० च्या खाली गेली, तर त्या क्षणी साखर हेच औषध आहे. शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे. अशा व्यक्तींनी मंगळवारचा किंवा एकादशीचा उपवासही डॉक्टरांना विचारूनच करावा.

म्हणजे साखर ही शत्रू नाही आणि देवही नाही. कोणाला, केव्हा, किती, हे जाणणे म्हणजे विवेक. पुढच्या सत्संगात प्रसादाचे ताट तुमच्या हाती असेल, तेव्हा समोरच्याने ‘नको’ म्हटले तर पुन्हा आग्रह करू नका. त्याला प्रेमाने नमस्कार करा आणि ताट पुढे न्या.